दीडशे मीटरवरचा हात

पोहण्याच्या शर्यतीत सगळे लोक पोहणाऱ्यांकडे बघतात. मी भिंतीकडे बघते. त्याबद्दल मला रोजचा भत्ता, दोन पांढरे टी-शर्ट आणि एक टोपी मिळते.

या कामाला वळण-पंच म्हणतात. पन्नास मीटरच्या तलावात प्रत्येक लेनच्या टोकाला एक खुर्ची असते. पोहणारा भिंतीजवळ आला की मी खुर्चीवरून उठते, कडेला येते, वाकते आणि बघते: हात भिंतीला कसा लागला, अंग कसं वळलं, पाय कसे निघाले. सगळं नियमाप्रमाणे असेल तर परत खुर्चीवर. नसेल तर एक हात सरळ वर करायचा आणि कुणीतरी येऊन विचारीपर्यंत तो तसाच ठेवायचा. टाळ्या वाजवायच्या नाहीत, हसायचं नाही, ओळखीचं कुणी दिसलं तरी मान हलवायची नाही. लग्नात गेल्यावर आधी कोपऱ्यातली खुर्ची शोधणाऱ्या माझ्यासारख्या मुलीला याहून चांगलं काम मिळालं नसतं. इथे खुर्ची देतात आणि वर बोलू नका म्हणून सांगतात.

पोटापाण्यासाठी मी अलिबागजवळच्या एका रिसॉर्टमध्ये पोहायला शिकवते. आमचं घर उरणच्या बाजूला, वडिलांच्या कंपनीच्या कॉलनीत. त्यामुळे रोज करंजाहून लाँचने रेवसला जायचं आणि संध्याकाळी परत यायचं. रिसॉर्टमध्ये ज्यांचे आसपास बंगले आहेत अशी मोठी माणसंही येतात. त्यातल्या एका गृहस्थांना डॉक्टरांनी पोहण्याचा व्यायाम सांगितला होता. ते महिनाभर छातीइतक्या पाण्यात उभं राहून फोनवर बोलत असत. महिन्याच्या शेवटी त्यांनी माझ्याकडे डॉक्टरांना दाखवायला चिठ्ठी मागितली. मी लिहून दिलं, ‘हे नियमितपणे पाण्यात असतात.’ ते खूश झाले. डॉक्टरही झाले म्हणे. एका बाईंना त्यांच्या कुत्र्याला बटरफ्लाय शिकवायचं होतं. कुत्रा आपला आपण छान पोहत होता, पण त्यांना ते पुरेसं वाटत नव्हतं.

सुट्टीच्या दिवशी मी जिल्हा आणि राज्य पातळीवरच्या शर्यतींना पंच म्हणून जाते. तिथे गिऱ्हाईक म्हणजे पालक. मुलगा बाद झाला की वडील मोबाइलवर काढलेला व्हिडिओ घेऊन येतात. त्या व्हिडिओत बहुतेक वेळा त्यांचा स्वतःचा अंगठा असतो. अंगठ्याच्या कडेने थोडं पाणी दिसतं आणि ‘मार, मार, मार’ असा आवाज ऐकू येतो. एवढ्या पुराव्यावर निर्णय बदलावा अशी त्यांची अपेक्षा असते.

या अंकाच्या संपादकांनी मला ‘आंतरराष्ट्रीय स्पर्धेतल्या गमती’ लिहायला सांगितलं आहे. त्यांना परदेशी खेळाडूंच्या गमती हव्या असाव्यात. त्या फारशा नाहीत. परदेशी मुलं वेळेवर यायची, पोहायची, टॉवेल घ्यायची आणि जायची. गमती सगळ्या आपल्याकडच्या.

युवकांच्या त्या आंतरराष्ट्रीय क्रीडास्पर्धेत बरेच खेळ होते आणि ते वेगवेगळ्या शहरांत वाटले होते. पोहणं आमच्या वाट्याला आलं, कारण उरणच्या अलीकडे एक नवा तलाव तयार होता. म्हणजे तलाव तयार होता, त्याच्याकडे जाणारा रस्ता व्हायचा होता. कंटेनर ओढणाऱ्या ट्रेलरच्या रांगेत मुलांच्या बस तास-तासभर उभ्या राहायच्या. वळणावर पाण्याखाली काय होतं ते टिपणारे कॅमेरेही मागवले होते. ते शेजारच्या बंदरापर्यंत व्यवस्थित पोचले आणि तिथेच थांबले, कारण समितीने अर्जात ‘पाण्यात सोडायचे साहित्य’ असं लिहिलं होतं आणि त्या वर्णनाला लागणारा मासेमारीचा परवाना समितीकडे नव्हता. तेव्हा वळणावर काय घडलं हे सांगायला पंचांचे डोळे तेवढे उरले.

स्थानिक स्वागत समितीचे अध्यक्ष होते भाऊ. त्यांचं नाव भाऊ नव्हे, पण सगळे तेच म्हणायचे, पत्रिकेतही कंसात तेच छापलं होतं. भाऊंचा ट्रेलरचा धंदा. पाण्याशी त्यांचा संबंध गुडघ्यापर्यंतचा. पण फोटो कुठून चांगला येतो हे त्यांना पक्कं कळत होतं. फोटो वळणाच्या टोकाकडून चांगला येत होता. म्हणून व्यासपीठ तिथे बांधलं आणि आमच्या खुर्च्यांच्या मागे मान्यवरांसाठी लाल सोफा आला. मुख्य पंच म्हणून मार्टा नावाच्या, केस पिकलेल्या, काटक परदेशी बाई आल्या होत्या. त्यांनी पहिल्याच दिवशी टेप काढून सोफा आणि कडा यांतलं अंतर मोजलं आणि सोफा मागे घ्यायला सांगितला. भाऊंनी त्यांच्या गळ्यात हार घातला. बाईंनी हारासकट पुन्हा मोजलं. सोफा मागे गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो वीतभर पुढे आलेला होता. शेवटच्या दिवसापर्यंत भाऊ तो रोज पुढे आणत होते आणि बाई मागे नेत होत्या. दोघंही एकमेकांना रोज हसून नमस्कार करायचे.

उद्घाटनाला भाऊंच्या मनात आलं की नारळी पौर्णिमेला दर्याला देतात तसा सोन्याचा कागद लावलेला नारळ तलावाला अर्पण करावा. स्थानिक खेळाडूंच्या आईवडिलांना मुद्दाम पुढे उभं केलं होतं. त्यात वनितामावशी होती. वनितामावशी आमच्या कॉलनीत दारावर मासे घेऊन येते, मी चालायला लागायच्या आधीपासून. त्या दिवशी ती ठेवणीतलं लुगडं नेसून, अंबाड्यात अबोली माळून आली होती.

“खाडीला नारल देतात,” ती माझ्या कानाशी म्हणाली. “टाकीला कोन देतो गो?”

भाऊंनी नारळ फेकला. तो पाचव्या लेनमध्ये पडला. तिथे एक उंच मुलगा सराव करत होता. त्याने नारळ पाहिला, इकडेतिकडे पाहिलं, वरून कुणाचा तरी पडला असं समजून तो एका हातात घेतला आणि पोहत येऊन अदबीने व्यासपीठाच्या कडेला ठेवला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. भाऊंनी हात जोडले आणि या वेळी आणखी लांब फेकला. तो एका मुलीने आणून दिला. तिसऱ्यांदा फेकायला भाऊंचा हात उचलेना. त्यांनी नारळ पायरीवरच फोडला. मार्टाबाईंनी मला हळूच विचारलं की हा कसला विधी. मी सांगितलं, पाण्याला देतात.

“आणि पाणी परत करतं?”

“सहसा नाही,” मी म्हटलं.

वनितामावशीची मुलगी रोशनी आपल्या देशाच्या संघात होती. सोळा वर्षांची. ब्रेस्टस्ट्रोकच्या दोन शर्यती: आधी दोनशे मीटर, मग शंभर. लहानपणी ती आईबरोबर आमच्या पायरीवर बसायची. मी टोपी आणि गॉगल लावून कॉलनीच्या स्विमिंग पुलावर निघाले की टक लावून बघायची. एकदा तिने विचारलं होतं, “ताई, पान्याला भितेस म्हनून चष्मा घालतेस?” मी इंग्रजी शाळेतली, मराठीत पटकन उत्तर सुचायचं नाही. इंग्रजीतही सुचलं नसतं.

तिला पोहताना मी पहिल्यांदा पाहिलं ते लाँचची वाट बघताना, करंजाच्या धक्क्यावर. होडी आत आली की ती लावण्यासाठी घरातलं पोर दोरीचं टोक घेऊन पाण्यात उडी मारतं. पुढे एक खांब असतो. तिथवर पोहत जायचं, उजवा हात खांबाला लावायचा आणि डाव्या हातातली दोरी धरून ठेवायची. दोरी सुटली तर होडी वाहत जाते आणि वरून बापाच्या शिव्या येतात. रोशनी आठ-नऊ वर्षांची असेल. ती दोरी घेऊन अशी निघाली की मी लाँचच्या रांगेत उभी आहे हेच विसरले. पुढे शाळेच्या शर्यतीत एका मार्गदर्शकाने तिला हेरलं, पुण्याला क्रीडा वसतिगृहात नेलं आणि चार वर्षं शिकवलं. ब्रेस्टस्ट्रोकमध्ये वळताना दोन्ही हात भिंतीला एकाच वेळी लागावे लागतात. हे तिला शिकवायलाच त्यांना सगळ्यांत जास्त वेळ लागला होता, असं मावशी सांगायची. डावा हात मागे राहायचा.

दोनशे मीटरच्या प्राथमिक फेरीच्या दिवशी सकाळी देशपांडे सरांनी आम्हा वळण-पंचांची बैठक घेतली. सर बँकेतून निवृत्त झालेले, आमच्या टोकाचे प्रमुख. त्यांच्या मते पंचाला दोनच गोष्टी लागतात: मजबूत मूत्राशय आणि कोरा चेहरा. त्यांनी नेहमीचे तीन प्रश्न उजळणीला घेतले. हात वर केलात की तुम्हाला विचारतील: काय पाहिलंत, कुठून पाहिलंत, खात्री आहे का? तिसऱ्याला थोडी जरी शंका असेल तर ‘नाही’ म्हणायचं. शंकेचा फायदा पोहणाऱ्याला. मग त्यांनी विचारलं की कुणाचं कुठल्या खेळाडूशी नातं, ओळख, काही संबंध आहे का, असेल तर आत्ताच सांगा.

मी सांगितलं नाही. संबंध आहे की नाही हेच मला ठरवता येईना. मावशीकडून आम्ही मासे घेतो, हा संबंध धरायचा का? आमच्याकडे दारावर येणारी कोळीण सख्ख्या काकूपेक्षा जास्त वेळा घरी येते, घरातल्या सगळ्यांची दुखणी तिला माहीत असतात आणि लग्न का जमत नाही यावर तिचं मत असतं. पण हे बारा पंचांसमोर उभं राहून कसं सांगायचं? मी वहीत काहीतरी लिहिल्यासारखं केलं. माझ्या वाट्याला चौथी लेन आली. यादी लागली तेव्हा चौथ्या लेनमध्ये रोशनीचं नाव होतं. तेव्हाही सांगता आलं असतं.

रोशनीचं गाव दोन टेम्पो भरून आलं होतं. भाऊंनी बेंजो पार्टी बोलावली होती. शर्यत सुरू करताना पूर्ण शांतता लागते. सुरुवात करणारा पंच हात वर करून उभा राहिला. बेंजोवाल्यांना वाटलं तो ताल धरतोय. शेवटी भाऊंनी सोफ्यावरून बोट ओठाला लावलं तेव्हा वाजवणं थांबलं.

इथे एक सांगायला हवं, नाहीतर पुढचं समजणार नाही. दोनशे मीटर म्हणजे तलावाच्या चार लांब्या. माझ्या टोकाला पोहणारी दोनदा येते, पन्नासला आणि दीडशेला. या फेरीतून फक्त आठ जणी अंतिम शर्यतीत जाणार होत्या. रोशनी त्यात आली असती तर या किनाऱ्यावरून अशा अंतिम शर्यतीत पोचलेली ती पहिली मुलगी ठरली असती. हे मला भाऊंच्या भाषणांतून इतक्या वेळा ऐकू आलं होतं की पाठ झालं होतं.

पन्नासला तिचं वळण सुरेख झालं. दोन्ही तळवे एकदम. दीडशेला ती तिसरी होती, दमलेली, आणि तिचं गाव एका आवाजात तिचं नाव घेत होतं. मी उठून कडेला आले, वाकले. तिचा उजवा हात पुढे आला आणि भिंतीला लागला. डावा हात पाण्यात छातीजवळ होता, मूठ मिटलेली. त्या मुठीत काही नव्हतं. काय असायला हवं होतं ते मला मात्र ठाऊक होतं. मग ती वळली आणि गेली.

माझा हात वर गेला. मी तो केला असं म्हणायला हवं, पण तो आधी गेला आणि मी नंतर पाहिला.

देशपांडे सर आले. काय पाहिलंत? उजवा हात लागला, डावा लागलाच नाही. कुठून? लेनच्या बरोबर वर, वाकून. खात्री? मी हो म्हटलं. तोपर्यंत ती तिसरी येऊन थांबली होती आणि आनंदाने पाण्यावर हात आपटत होती. मोठ्या फलकावर तिच्या नावापुढे वेळ आली, गाव नाचायला लागलं. दोन मिनिटांनी वेळ गेली आणि तिथे बाद झाल्याची इंग्रजी अक्षरं आली. बेंजोवाल्यांना तो विक्रम वाटला. त्यांनी जोर केला. एक एक करून लोक थांबले, बेंजो सर्वांत शेवटी. वनितामावशीने कुणाला तरी काय झालं ते विचारलं. त्या माणसाने बोट दाखवलं, फलकाकडे नव्हे, माझ्याकडे. मी चेहरा कोरा ठेवला. सरांना अभिमान वाटला असता.

मग समितीने रीतसर तक्रार केली. कॅमेरे नव्हते, त्यामुळे सगळं माझ्यावर आलं. तीन जणांचं मंडळ बसायच्या आधी मी पंचांच्या खोलीत होते. भाऊ आले, बरोबर चहा आणि वडापावचा पुडा. ते अजिबात चिडलेले नव्हते. त्यांनी मला आधी खायला लावलं.

“बाळा, खोटं बोल असं कोण म्हणतंय?” ते म्हणाले. “खात्री नाही, एवढंच म्हणायचं. कुणाला असते हो खात्री? मला माझ्या ड्रायव्हरांची नसते.”

मी दुसरा घास घेतला.

“त्या मावशीच्या हातचं मावरं खाऊन मोठी झालीस तू. पोरीचं सोनं होतंय. तुला फक्त दोन शब्द बोलायचेत.”

भाऊंचं मला सगळ्यात पटलेलं वाक्य हेच. दोनच शब्द होते आणि ते माझ्या सवयीचे होते. शाळेत उत्तर येत असतानाही मी तेच म्हणायचे, म्हणजे पुढचा प्रश्न येत नसे. घरी जेवायला काय करू विचारलं तरी तेच. आयुष्यभर जे शब्द घाबरून वापरले ते या वेळी कुणाच्या तरी उपयोगी पडणार होते. नियमही माझ्या बाजूने होता. शंकेचा फायदा पोहणाऱ्याला. शंका तेवढी हवी होती. मी ती शोधली. डोळे मिटून ते वळण पुन्हा पुन्हा पाहिलं, निदान बोटं तरी लागली असतील म्हणून पाहिलं. प्रत्येक वेळी ती मिटलेली मूठ दिसली.

मंडळापुढे मार्टाबाईंनी तेच तीन प्रश्न विचारले. तिसऱ्याला मी थोडी थांबले. त्यांनी घाई केली नाही.

“होय. खात्री आहे,” मी म्हटलं.

मग समितीच्या माणसाने हुकमाचं पान टाकलं. या पंच मुलीचे खेळाडूच्या घराशी संबंध आहेत आणि ते तिने लपवले. मंडळाने मला विचारलं. मी सांगितलं की तिची आई आमच्याकडे मासे घेऊन येते आणि हे सकाळीच सांगायला हवं होतं, चूक माझी. मंडळातले एक वयस्कर गृहस्थ पुढे वाकले.

“मासे चांगले असतात?”

“हो.”

“मग संबंध चांगला आहे,” ते म्हणाले. “चांगल्या संबंधातून कुणी उगाच हात वर करत नाही.”

तक्रार फेटाळली गेली. देशपांडे सरांनी बाहेर आल्यावर मला एकच वाक्य ऐकवलं, की मासे हा संबंधच असतो, पुढच्या वेळी सांगायचा. आणि शंभर मीटरला मला आठव्या लेनवर पाठवलं.

दुसऱ्या दिवशी नाक्यावर बॅनर लागले. ‘अन्यायाविरुद्ध लढणाऱ्या जलकन्येस मानाचा मुजरा.’ त्यावर भाऊ पूर्ण उंचीचे होते आणि रोशनी कोपऱ्यात, शाळेच्या ओळखपत्रावरच्या फोटोत. बेंजोवाल्यांचे नंबर खाली होते. आणि तिचा सत्कार ठरला, शंभर मीटरच्या फेरीच्याच सकाळी, कारण त्या दिवशी वरचे पाहुणे येणार होते. बाकीच्या मुली पाण्यात अंग मोकळं करत होत्या तेव्हा रोशनी पोहण्याच्या कपड्यांवर शाल पांघरून व्यासपीठावर बसली होती. पाहुणे उशिरा आले, ट्रेलरच्या रांगेमुळे. अन्यायावर चार भाषणं झाली. बोलणाऱ्यांपैकी एकालाही अन्याय नेमका काय होता हे सांगता आलं नाही. एकांनी तर ती सुरुवातीला आधी सुटली म्हणून बाद झाली असं सांगून टाकलं. रोशनी सबंध वेळ आपल्या हातांकडे बघत होती. भाषणं संपली तेव्हा सराव संपल्याची शिट्टी झाली होती.

शंभर मीटरमध्ये वळण एकच. ती तिसऱ्या लेनमध्ये होती, मी आठव्या. पंचाने आपली लेन सोडून दुसरीकडे बघायचं नसतं. माझी पोहणारी अजून लांब होती, म्हणून मी बघितलं. रोशनी भिंतीजवळ आली आणि जरा थांबली. थांबली म्हणजे इतरांना दिसणारही नाही एवढी. दोन्ही तळवे तिने भिंतीवर टेकवले, बोटं पसरून, भिंतीवर गोवरी थापावी तसे, आणि मगच वळली. असलं वळण मी पुन्हा पाहिलेलं नाही. नियमाच्या पुस्तकात चित्र म्हणून छापावं इतकं ते बरोबर होतं आणि तेवढंच हळू.

सगळ्या गटांच्या वेळा लागल्या. ती नववी. आठ जातात. नववीला राखीव म्हणतात. कुणी आजारी पडलं तरच तिला बोलावतात. कुणी आजारी पडलं नाही.

ती दमली होती म्हणून, की सराव हुकला म्हणून, की माझ्या हातामुळे, हे मी अनेकदा मोजून बघितलं आहे. त्या भिंतीवर तिने जेवढा वेळ घालवला तेवढा कमी केला तर ती सातवी येते. भाऊंनी शेवटच्या दिवशी आभाराच्या भाषणात तिला ‘आठांच्या उंबरठ्यावर’ म्हटलं आणि उंबरठ्यासाठी टाळ्या घेतल्या.

त्यानंतर वनितामावशी आमच्या दारावर येईनाशी झाली. कॉलनीत यायची, समोरच्या इमारतीत आवाज द्यायची, आमचं फाटक सोडून पुढे जायची. आई बाजारातून मासे आणू लागली आणि जेवताना दर वेळी म्हणू लागली की त्यांना चव नाही. वडिलांनी मला विचारलं की खरंच दिसलं होतं का. मी हो म्हटलं. त्यांनी मान हलवली आणि आमटी घेतली. लाँचवर मावशीच्या कोळीवाड्यातल्या बायका मला जागा द्यायच्या, पण गप्पा थांबायच्या.

पाऊस सरला, होड्या पुन्हा समुद्रात जाऊ लागल्या. एका रविवारी सकाळी फाटक वाजलं. आई बाहेर गेली. मला मावशीचा आवाज आला.

“तुजी पोर हाय का घरात? तिला बोलव. मावरं तिलाच दाखवाचंय.”

मी बाहेर गेले. मावशीने पायरीवर टोपली उतरवली, वरची केळीची पानं बाजूला केली. सहा पापलेटं होती. ती माझ्याकडे बघत नव्हती.

“बघ. नीट वाकून बघ. मागाहून हात वर करायचा न्हाय.”

आई मध्ये पडायला आली, की अगं तिला काय कळतं माशांतलं. मावशीने तिला हाताने थांबवलं. मी पायरीवर बसले आणि एक एक पापलेट हातात घेऊन पाहिलं. आई करते तसे कल्ले उघडले, अंगावर बोटाने दाबलं. पाच चांगली होती. चौथ्याचे कल्ले काळपट होते आणि बोटाचा खड्डा भरून आला नाही. इतक्या महिन्यांनी मावशी दारात आली होती. आई माझ्या मागे उभी होती आणि मी काही न बोलता सगळी उचलावीत असं तिला वाटत होतं, हे मला पाठीलाही कळत होतं.

“हा शिळा आहे,” मी म्हटलं.

“बगितलास नीट?”

“हो.”

मावशीने तो मासा उचलला आणि टोपलीत तळाला, वेगळ्या फडक्यात गुंडाळून ठेवला. ते फडकं आधीपासून तिथे तयार होतं.

“मना म्हायत हाय,” ती म्हणाली. “परवाचा हाय तो.”

मग ती आईकडे वळली. रोशनीने त्याच दिवशी घरी सांगितलं होतं म्हणे, की एकच हात लागला, ताईने बरोबर पाहिलं. बापाने तिला गप्प केलं. मावशीला वाटलं की पोर पंचांना घाबरून बोलते, नाहीतर ताईची बाजू घेते, लहानपणापासून हिच्या चष्म्यावर जीव म्हणून. एवढ्या मोठ्या माणसांनी माइकवर अन्याय म्हटल्यावर सोळा वर्षांच्या पोरीचं कोण खरं धरणार.

“ती रोज सांगं, आनि मी रोज तिला गप ऱ्हा म्हनं,” मावशी म्हणाली. पाच पापलेटं तिने आईच्या ताटात ठेवली आणि टोपलीवर पानं सारखी केली. “आता घरी जाऊन तिला काय सांगू गो?”

हे तिने मला विचारलं होतं. मी वाकले आणि दोन्ही हातांनी टोपली तिच्या डोक्यावर चढवून दिली.